आधी धावू नका, आधी सुरू करा : लहान मुलांचा सीपीआर आणि आपण शिक्षक



आज भाषेचा पाठ नाही, गणिताचा खेळही नाही. आज जे सांगायचंय ते सांगताना मला थोडी लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आपल्याकडे बोरन्हाण असतं. आमच्या बोरीवलीतल्या इमारतीतही वरच्या मजल्यावरच्या ताईंच्या दहा महिन्यांच्या बाळाचं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाट, रांगोळी, सगळं साग्रसंगीत. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, हलवा आणि हल्ली असतात तशा रंगीत गोळ्या ओतल्या. मोठी मुलं वेचायला तुटून पडली. बाळानेही मूठ भरली आणि मुठीतलं तोंडात घातलं. दहा महिन्यांचं मूल दुसरं काय करणार!

मग बाळ गप्प झालं. रडलं नाही, खोकलं नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज शून्य. दोन-चार सेकंद कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण आपली समजूत अशी की घशात काही अडकलं तर मूल जोरात ठसकतं. पूर्ण अडकलं की ठसकाही लागत नाही. हवाच जात नाही तर आवाज कुठून येणार?

नंतरचा एक मिनिट सांगते. कुणीतरी पाणी आणायला धावलं. कुणी बाळाचे पाय धरून उलटं करायला निघालं. एका काकूंनी घशात बोट घालायचा प्रयत्न केला. बाळाचे बाबा 'रिक्षा, रिक्षा' ओरडत जिन्याकडे पळाले. शेवटी बाळाच्या आजीने त्याला हिसकून घेतलं, हातावर पालथं घेतलं आणि पाठीवर थापा मारल्या. चौथ्या की पाचव्या थापेला हरभऱ्याचा दाणा बाहेर पडला आणि बाळ रडलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

आणि मी? डी.एड. झालेली, दहा-बारा वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणारी मी काय करत होते? माझ्या हातात मोबाईल होता. मी बोरन्हाणाचा व्हिडिओ काढत होते. तो व्हिडिओ नंतर मी पुसून टाकला, पण त्यात काय होतं ते मला माहीत आहे. सगळ्यांच्या धावपळीत कॅमेरा हलतोय आणि मी तिथेच उभी आहे.

आजीला सुचलं म्हणून बाळ वाचलं. सुचलं नसतं आणि ते बेशुद्ध पडलं असतं, तर पुढे काय करायचं हे त्या खोलीतल्या एकालाही माहीत नव्हतं. म्हणून नंतर मी एका बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे मुलांच्या सीपीआरचं प्रशिक्षण घेतलं. माझं आता ठाम मत झालंय की प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने हे हाताने शिकलं पाहिजे आणि पालकसभेत पालकांकडून हाताने करून घेतलं पाहिजे. पोस्टर लावून आणि प्रतिज्ञा म्हणून हे काम होत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. सीपीआर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो रेल्वे स्टेशनवर कोसळलेला पन्नाशीचा माणूस आणि त्याची छाती दाबणारा कुणीतरी. असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सारखे फिरतात. मोठ्या माणसांसाठी ते ठीकच आहे. आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी नुसतं छाती दाबण्याचंच तंत्र सुचवलं. पण ते मोठ्यांसाठी. मोठ्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा हृदयाच्याच दुखण्याने अचानक बंद पडतं, आणि तेव्हा त्याच्या रक्तात काही वेळ पुरेल इतका प्राणवायू असतो.

मुलाचं उलटं असतं. मुलाचं हृदय सहसा निरोगी असतं. आधी श्वास थांबतो. घशात काही अडकलेलं असतं, पाण्यात बुडालेलं असतं, न्यूमोनिया झालेला असतो. रक्तातला प्राणवायू संपत जातो आणि मग दमून हृदय थांबतं. म्हणजे छाती दाबून जे रक्त आपण मेंदूकडे ढकलणार, त्यात प्राणवायू उरलेलाच नसतो. म्हणून मुलाच्या बाबतीत छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, दोन्ही लागतं. श्वास देणं जमतच नसेल तर नुसती छाती दाबा, काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पण 'व्हिडिओत तर फक्त दाबत होते' म्हणून श्वास सोडून देऊ नका.

दुसरी चूक आपल्या स्वभावातली आहे. मूल निपचित पडलं की आपण त्याला उचलून पळत सुटतो. इमारतीतून खाली, रिक्षात, दवाखान्यात. भावना समजते हो, मीही आई आहे. पण संध्याकाळी सहा वाजता एस. व्ही. रोडवर रिक्षात बसून बघा. बोरीवली स्टेशनच्या बाहेरून बाभई नाक्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. प्राणवायू बंद झाल्यापासून साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि ती बोलवायचीच, पण तीही याच रस्त्याने येणार. ती पहिली मिनिटं डॉक्टरांच्या हातात नसतातच. जो शेजारी उभा आहे त्याच्या हातात असतात. आणि मुलाला छातीशी धरून पळणारा माणूस ती मिनिटं जिन्यात आणि सिग्नलला घालवतो.

तर करायचं काय? मी शिकले तसं सांगते. हे वाचून तुम्ही प्रशिक्षित होणार नाही, हे आधीच स्पष्ट करते. पोहण्यावरचा निबंध वाचून कुणी पोहायला शिकत नाही. पण निदान काय शिकायचंय ते कळेल.

मूल हलत नाही असं दिसलं की हाक मारा, खांद्यावर थापटा. अगदी तान्हं असेल तर तळपायावर टिचक्या मारा. प्रतिसाद नाही, आणि श्वास नाही किंवा अधूनमधून आचके दिल्यासारखा आहे. आचके म्हणजे श्वास नव्हे, यात फार लोक फसतात. हे बघायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावायचा नाही. मोठ्याने मदतीला हाक मारा, १०८ लावून फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवा आणि कामाला लागा. फोनही नाही आणि माणूसही नाही, अशी वेळ आली तर आधी दोन मिनिटं सीपीआर द्या आणि मग मदत शोधायला जा.

मूल कडक जागेवर पाठीवर ठेवायचं, गादीवर नाही. गादी दबते, छाती दबत नाही. एका वर्षाच्या आतलं बाळ असेल तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, म्हणजे दोन्ही स्तनाग्रांना जोडणाऱ्या रेषेच्या जरा खाली, दाब द्यायचा. दोन्ही हातांनी बाळाची छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाबायचं, नाहीतर एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने. किती खोल? छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, बाळात साधारण ४ सेंटीमीटर. एक वर्षावरच्या मुलात एका किंवा दोन्ही हातांनी, साधारण ५ सेंटीमीटर. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० वेळा दाबलं की २ श्वास.

हे '४ सेंटीमीटर' कागदावर सोपं वाटतं. प्रशिक्षणात बाहुलीच्या छातीवर हात ठेवला तेव्हा मी इतकं हळू दाबलं की मॅडम म्हणाल्या, 'बाई, तुम्ही तिला थोपटून झोपवताय का?' खरंच, बाळाला इतक्या जोरात दाबायचं हे हाताला पटतच नाही. आणि दोन मिनिटं नीट दाबलं की खांदे भरून येतात, म्हणून दुसरं कुणी असेल तर दर दोन मिनिटांनी आलटून पालटून करायचं. या दोन्ही गोष्टी मला कुठल्याही पुस्तकाने शिकवल्या नव्हत्या.

श्वास देताना बाळाचं डोकं फार मागे वाकवायचं नाही. नाक सरळ छताकडे राहील एवढंच. मोठ्या मुलाचं थोडं मागे, हनुवटी वर. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकायचं, मोठ्या मुलाचं नाक चिमटीत धरून तोंडावर तोंड. फुंकर एका सेकंदाची आणि बाळाला तर गालात मावेल एवढीच. छाती वर आलेली दिसली की पुरे. वाढदिवसाची मेणबत्ती विझवल्यासारखं फुंकायचं नाही.

इथे एक बाब मुद्दाम सांगते. बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. जुन्या तक्त्यांवर तेच चित्र आहे. २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ती पद्धत काढून टाकली, कारण दोन बोटांनी पुरेसं खोल दाबलंच जात नाही. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी शिकून घेतलंय त्यांनीही पुन्हा शिकायला हवं, ते एवढ्यासाठी. डी.एड.ला असताना प्रथमोपचाराचं उत्तर पाठ करून गुण मिळवले आणि विषय संपला, असं याचं नाही.

घशात अडकल्यावर काय, हेही तितकंच महत्त्वाचं, कारण वेळेवर तेवढं केलं तर बऱ्याचदा सीपीआरची वेळच येत नाही. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, पाठ बडवू नका, पाणी पाजू नका. आवाज बंद झाला तर मात्र थांबायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, हात मांडीवर टेकवायचा, डोकं छातीपेक्षा खाली. दोन फऱ्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब. पुन्हा थापा. बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही. वर्षावरच्या मुलाला वाकवून पाठीवर ५ थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ५ झटके, आत आणि वर. मूल निपचित पडलं तर सरळ सीपीआर सुरू करायचा. श्वास देण्याआधी तोंडात बघायचं. वस्तू दिसली तरच काढायची, आंधळेपणाने बोट घालायचं नाही. ती आणखी आत जाते.

आमच्या आजींनी निम्मं बरोबर केलं होतं. त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

बुडण्याबद्दलही थोडं. बोरीवलीत राहून आपल्याला गोराईचा समुद्र आठवतो, पण अगदी लहान मुलासाठी घरातली बादली पुरते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून न्हाणीघरात भरलेल्या बादल्या, टब, पिंपं असतातच. नुकतं उभं राहायला लागलेलं मूल डोकावतं, तोल जातो, आणि डोकं जड असल्याने त्याला परत वर येता येत नाही. अशा मुलाला पाय धरून उलटं लटकवणं, पोट दाबून पाणी काढणं, यात फक्त वेळ जातो. श्वास द्यायला लागा.

आता तुम्ही म्हणाल, 'मॅडम, हे डॉक्टरांचं काम. आपण शिक्षक माणसं.' मला इथे गडचिरोलीची आठवण द्यायची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या भागात तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. जन्मल्यावर बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर जवळ दवाखाना नव्हता. त्यांनी गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणतात. ३९ गावांत या बायका बाळंतपणाच्या वेळी हजर राहू लागल्या. श्वास न घेणाऱ्या बाळाला आधी नळी आणि मास्कने, नंतर पिशवी आणि मास्कने श्वास देऊ लागल्या. बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं हेही त्याच करायच्या. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे निष्कर्ष छापून आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. नवजात बाळाचं शास्त्र थोडं वेगळं, तिथे सगळा भर श्वासावर, आणि ६२ टक्क्यांचं श्रेय एकट्या श्वासाला देता येणार नाही हेही खरं. पण मला त्यातून एवढंच कळतं की काही इयत्ता शिकलेली गावातली बाई हे शिकू शकते, सराव ठेवू शकते, ऐन वेळी करू शकते. मग पदविका, पदव्या आणि हातात स्मार्टफोन असलेले आपण 'आपलं काम नाही' कोणत्या तोंडाने म्हणतो?

दुसरी शंका मला शिक्षकांकडूनच येते, आणि ती खोटी नाही. 'बरगडी मोडली तर? पालक आपल्यावरच आले तर?' श्वास थांबलेल्या मुलाची बरगडी मोडली तर ती जुळून येते. लहान मुलांची हाडं लवचिक असतात, फारशी मोडतही नाहीत. राहिला दोषाचा प्रश्न. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिलंय, पण तो कायदा रस्त्यापुरता आहे, वर्गातल्या बाकापुरता नाही. म्हणून माझं म्हणणं, हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जूनमध्येच घ्यावा. आपल्या शाळेतले कोण कोण प्रशिक्षित आहेत, मूल कोसळलं तर ते काय करतील, १०८ कोण लावणार, फाटकावर रुग्णवाहिकेला वाट दाखवायला कोण थांबणार, हे पालकांसमोर वाचून दाखवावं आणि इतिवृत्तात लिहावं. ज्या आईने पालकसभेत स्वतः बाहुलीची छाती दाबून पाहिलीय, ती दुसऱ्या दिवशी 'माझ्या मुलाला का दाबलंत' असं विचारणार नाही.

'आणखी एक काम?' हेही ऐकू येतं मला. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, आणि आता हे. कबूल. पण मी नवीन तास मागत नाही. २०२४ पासून शनिवारी 'आनंददायी शनिवार' आहे, त्यात आपत्ती व्यवस्थापन आहेच. केंद्राची शिक्षण परिषद आहे, तिथे एखादं पीपीटी कमी दाखवून परिसरातल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञांना बाहुली घेऊन बोलवता येईल. माता-पालक सभा आहे. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांतून हे शिकवणं सक्तीचं केलं. तिथे रुग्णवाहिका येण्याआधी सीपीआर मिळणाऱ्यांचं प्रमाण दहा वर्षांत दुपटीहून जास्त झालं आणि वाचणारेही वाढले. शाळा हे एकच कारण नव्हतं, पण शाळा त्यात होती. आपल्याकडे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सीपीआर जागरूकता सप्ताह पाळला, चांगलंच झालं. पण सप्ताह संपल्यावर किती जणांनी प्रत्यक्ष हात लावून सराव केला, हे मी आजूबाजूला विचारलं तर लोक गप्प होतात.

बाहुली महाग पडते म्हणून अडत असेल तर एक गंमत सांगते. सीपीआर शिकण्याची पहिली प्रसिद्ध बाहुली, 'ॲन', कुणी बनवली माहितीये? नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने, १९६० च्या सुमाराला. त्याचा स्वतःचा छोटा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. टाकाऊतून टिकाऊ करण्यात आपला हात कोण धरणार? खऱ्या बाहुलीवर एकदा तरी दाबून खोली समजून घ्यायची, आणि एरवी घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर वेगाचा आणि मोजण्याचा सराव करायचा. ३० दाब १५ ते १८ सेकंदांत बसले पाहिजेत. मोठ्याने मोजायचं. अंक मोजायला शिकवणं हे तर आपलं रोजचंच काम आहे, पालकांनाही तेच लावायचं.

मागच्या पालकसभेत मी हे करून पाहिलं. पहिली वीस मिनिटं प्रगतिपुस्तकं, मग फरशीवर चटई आणि मध्ये उसनी आणलेली बाहुली. आया लाजत होत्या, बाबा लोक मागे भिंतीला टेकून उभे. पहिल्यांदा पुढे आले ते एक रिक्षा चालवणारे पालक. म्हणाले, 'बाई, लोक पोरं घेऊन माझ्याच रिक्षात बसतात, मला शिकवा.' त्यांनी एका दमात तीस मोजले, पण श्वास द्यायला खाली वाकल्यावर बाहुलीची मान इतकी मागे वाकवली की सगळे हसले. मग तीन-चार जणांना तीच चूक करताना बघितली आणि सगळ्यांनाच ती कळली. एका आजीबाईंनी विचारलं, 'फिट आली तरी असंच दाबायचं का?' नाही आजी, तापात फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. फिट थांबल्यावर श्वास चालू आहे का ते बघायचं, आणि नसेल तरच हे. प्रश्न चांगला होता. मी ठरवूनही तो मुद्दा घेतला नसता.

एकूण चाळीस पालक होते. वेळ संपली तेव्हा अकरा जणांचा हात बाहुलीला लागला होता. उरलेल्यांना पुढच्या सभेला घरून एकेक टॉवेल आणायला सांगितलंय. आणि वरच्या मजल्यावरच्या ताईंना सांगितलंय की पुढच्या बोरन्हाणाला चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता. बोरं, हरभरे आणि गोळ्या ताटात वेगळ्या ठेवू, मोठ्या मुलांना हातात देऊ.